क्रोमवर काळा रंग बसवताना

माझ्या सासऱ्यांना मी बाबा म्हणते. ते मला एरवी पोरी म्हणतात आणि रागावले की सूनबाई. २०१७ सालच्या पावसाळ्याच्या शेवटी मी सलग बरेच दिवस सूनबाई होते, कारण त्यांच्या गाडीच्या चकचकीत पट्ट्या काळ्या करायच्या, असं मी ठरवलं होतं.

गाडी जुनी. तशा गाड्या कारखान्यातून निघायच्या कधीच बंद झाल्या. बाबांनी ती घोलवडच्या एका पारशी बागायतदाराकडून घेतली तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. बॉनेटच्या मधोमध क्रोमची लांब पट्टी, समोरच्या काचेभोवती क्रोमची चौकट, वायपर क्रोमचे, आरसे क्रोमचे, आणि बंपरांचं तर विचारूच नका. आमचं डहाणूकडचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्या खाऱ्या वाऱ्यात खिडक्यांच्या बिजागऱ्या टिकत नाहीत, गेटाची कडी सारखी बदलावी लागते, पण बाबांच्या क्रोमवर गंजाचा ठिपका नव्हता. याचं कारण खोबरेल तेल. रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की बाबा वाटीत थोडं तेल घ्यायचे, जुन्या धोतराचा तुकडा त्यात बुडवायचे आणि सगळं क्रोम पुसून काढायचे. स्वतःच्या डोक्याला तेल लावायला विसरतील, गाडीला विसरायचे नाहीत.

एवढी बडदास्त, आणि गाडीला काम आठवड्यातून एकच. दर शनिवारी सकाळी बाबा तलासरीला त्यांच्या मोठ्या बहिणीकडे जायचे. आम्ही तिला आत्या म्हणतो, बाबा बाय म्हणतात. डिकीत चिकू, वाडीतली भाजी, कधी सुके बोंबील. दुपारभर दोघं पत्ते खेळायची आणि भांडायची. भांडणाचा विषय ठरलेला, लहानपणी आईची लोणच्याची बरणी कोणी फोडली. साठ वर्षं तो खटला चालू होता आणि निकाल दोघांनाही नको होता. सासूबाई गेल्यानंतर तर बाबांचा सगळा आठवडा त्या शनिवारावर उभा होता.

श्रावण लागायच्या आधीच्या एका शनिवारी बाबांनी बदामाचा राजा समजून चौकटचा टाकला. आत्या हसून म्हणाली, "आंधळा झालास काय रे? डोळे दाखव कोणाला तरी." बाबांनी खरंच दाखवले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला निघाला. डहाणूतच ऑपरेशन झालं आणि नीट पार पडलं. पण आत्याला कळवायचं नाही, अशी मला आणि माझ्या नवऱ्याला सक्त ताकीद होती. "ती म्हणेल माझ्यामुळे डोळा वाचला. मरेपर्यंत ऐकवेल," बाबा म्हणाले. आधी बरं व्हायचं, गाडी घेऊन जायचं, तिला पत्त्यांत हरवायचं आणि मग सांगायचं, असा त्यांचा बेत होता.

डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर पहिल्याच शनिवारी ते निघाले आणि थोड्या वेळात परत आले. इंजिन गरम झालं म्हणाले. पुढच्या शनिवारी पाऊस आहे म्हणाले. त्याच्या पुढच्या शनिवारी पाऊसही नव्हता आणि इंजिनही थंड होतं, तरी गाडी शेडमध्येच. माझं डहाणू रोडला स्टेशनजवळ ब्यूटी पार्लर आहे. खुर्चीत बसलेल्या बाईच्या पोटातलं काढून घेण्यात माझा हात कोणी धरणार नाही. सासऱ्यांच्या बाबतीत जरा वेळ लागला, एवढंच. एका सकाळी चहा पुढे ठेवून मी विचारलं, "बाबा, खरं काय ते सांगा."

"चमकतं ग," ते म्हणाले. "या नवीन डोळ्यात सगळं फारच चमकतं. झरी गावाच्या पुढे वळणावर बॉनेटच्या पट्टीवर ऊन पडलं आणि समोर सगळं पांढरं झालं. ब्रेक मारला. मग बघतो तर कडेला एक बाई उभी, डोक्यावर लाकडाची मोळी. तिला काय झालं नाय. गेली आपली निघून. पण मला ती दिसलीच नव्हती, पोरी."

त्यांनी चहा न पिताच बशी खाली ठेवली. मला भरून आलं, आणि भरून आलं की मी चिडते. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा का घालत नाही म्हणून मी त्यांना झापलं. तर म्हणे, चष्मा घातला की झाडाच्या सावलीतला खड्डा दिसत नाही. मग शेअरच्या जीपने जा म्हटलं, तर "चिकूची पाटी मांडीवर घेऊन जीपमध्ये लटकत जाऊ?" माझा नवरा वापीला कंपनीत, त्याला शनिवारची सुट्टी नाही. मला स्कूटीपलीकडे काही चालवता येत नाही, आणि शनिवारी पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. खरं म्हणजे या सगळ्या सोयी फुकटच्या होत्या. बाबांना तलासरीला नुसतं पोचायचं नव्हतं, गाडी चालवत पोचायचं होतं.

त्यात तो रस्ता असा नमुनेदार, की सकाळी पूर्वेला जायचं आणि संध्याकाळी पश्चिमेला यायचं. जाताना सूर्य तोंडावर, येतानाही तोंडावर. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

तिकडे आत्याची भलतीच समजूत झाली. तिच्या सुनेचा मला फोन आला. "आई काही बोलत नाहीत, पण पत्ते कपाटात ठेवून दिलेत. मी आंधळा म्हटलं ते भावाला लागलं, आता तो यायचा नाही, म्हणतात." मी हे बाबांना सांगितलं. आता तरी फोन उचलून ऑपरेशनचं सांगून टाकतील असं मला वाटलं होतं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. बराच वेळ अंगणात येरझारा घालून ते म्हणाले, "भाऊबीजेला जाईन. गाडी चालवत जाईन. तेव्हा कळेल तिला." त्या वर्षी भाऊबीज शनिवारीच आली होती. तोवर ती चमक मारता आली तर ठीक, नाहीतर भाऊबीजेलाही भाऊ आला नाही असं होणार होतं, आणि त्या वयात तशी रुखरुख कोणी किती दिवस पोटात ठेवायची?

मी आधी सोपा उपाय केला. इलेक्ट्रिशियन वापरतात ती काळी चिकटपट्टी आणून बॉनेटच्या पट्टीवर चिकटवली. दुपारच्या उन्हात तिचा गोंद पातळ झाला आणि संध्याकाळपर्यंत पट्टी घसरून बॉनेटवर आडवी झाली. गोंद काढताना बाबांनी जे तोंड केलं होतं ते पाहून मी रंगाचा विषय काढला. त्या दिवसापासून मी सूनबाई.

"क्रोमला कोणी रंग लावतं? उद्या म्हणशील सोन्याच्या बांगड्यांना डांबर लाव."

"बांगड्या डोळ्यात जात असतील तर डांबरही लावीन," मी म्हटलं.

शेवटी तह झाला. बाबांनी ड्रायव्हरच्या जागेवर बसायचं आणि तिथून जेवढं क्रोम दिसेल तेवढंच काळं करायचं. बाकीच्याला हात लावायचा नाही. ते आत बसले आणि मी खडू घेऊन बाहेर उभी राहिले. हे दिसतं का? दिसतं. हे? दिसतं. आरशाच्या कडेपाशी आल्यावर मात्र स्वारी सीटवर इतकी खाली घसरली की नुसता टोपीचा शेंडा दिसत होता. "नाय दिसत," आतून आवाज आला. मी दार उघडून त्यांना सरळ बसवलं. बंपर वाचले, दिव्यांच्या कडा वाचल्या, बाकी सगळ्यावर खडूची फुली पडली.

डहाणू रोडच्या दुकानात मी क्रोमसाठी काळा रंग मागितला तेव्हा गुजराती दुकानदार काउंटरवर दोन्ही हात टेकून हसला. "क्रोमवर कलर नाय बसत, बेन. निकळी जशे." मी म्हटलं, बसेल, तुम्ही द्या. त्याने वॉटर पेपर दिला, प्रायमर दिला, रंगाचे स्प्रे दिले आणि पुन्हा एकदा सांगितलं, "निकळी जशे."

आणि रंग खरंच निघाला. पण कसा निघाला ते सांगायला हवं, कारण तशी चूक आमच्याच घरात होऊ शकते.

वॉटर पेपर म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर. त्याने क्रोमची चमक मारली की त्यावर रंगाला धरायला जागा मिळते. मी घासायला लागले तेव्हा बाबा मागे उभे. "हळू. अग हळू. चरा पडेल." चरा पडावा म्हणूनच तर घासायचं. पण माणूस मागे उभं राहून जीव काढायला लागल्यावर हात जड कसा पडणार? मी अशी घासली ती पट्टी, जशी बाळाची पाठ पुसावी. मग वर्षानुवर्षांचं तेल काढायला, घरात होतं म्हणून रॉकेलचा बोळा फिरवला. रॉकेल स्वतःच तेलकट, हे मला तेव्हा सुचलं नाही. प्रायमर मारला, काळा मारला. काम इतकं देखणं झालं की मी फोटो काढून दुकानदाराला दाखवून आले.

लगेच दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा म्हणजे लग्नघरची धामधूम. बाबांनी पहाटेच गाडी धुतली. सणाचा दिवस, म्हणून काळ्या पट्टीवरूनही सवयीने तेलाचा बोळा फिरवला. हळद-कुंकवाची बोटं उठवली. झेंडू, आंब्याची पानं आणि भाताच्या लोंब्या ओवलेला जाड हार बॉनेटवर ताणून, सुतळीने पट्टीला करकचून बांधला, आणि तशीच गाडी देवळापर्यंत नेऊन आणली. आमच्या घरी दसऱ्याचा हार त्या दिवशी उतरवत नाहीत. ओल्या झेंडूचा तो भार रात्रभर पट्टीवर होता. दुसऱ्या दिवशी बाबांनी सुतळी सोडून हार उचलला, आणि हाराबरोबर माझा रंगही वर आला. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसा, लांबच्या लांब. खालून क्रोम नव्या नवरीसारखं बघत होतं.

"नशीब," बाबा म्हणाले, "क्रोमला काय झालं नाय."

मी हार त्यांच्या हातात तसाच सोडला. स्कूटी काढली आणि पार्लरला गेले. दिवसभर गिऱ्हाइकांच्या भुवया जरा जोरातच ओढल्या असाव्यात. दुपारी एका नवरीचा ट्रायल मेकअप होता. तिचा चेहरा तेलकट. मी नेहमीप्रमाणे आधी तो साबणाने धुतला, पुसला, पुन्हा पुसला, आणि मग प्रायमरची ट्यूब हातात घेतली तेव्हा माझं मलाच हसू आलं. तेलकट चेहऱ्यावर मेकअप धरत नाही हे मी रोज मुलींना शिकवते, आणि घरी खोबरेलात मुरलेल्या क्रोमला रॉकेल चोळून बसले होते. नवरी विचारत होती काय झालं. तिला म्हटलं, काही नाही, घरी एक म्हातारी नवरी आहे, तिचा बेस चुकला.

संध्याकाळी मी बाबांना सरळच सांगितलं. चमक ठेवायची असेल तर ठेवा, मी पुन्हा हात लावणार नाही. पण मग भाऊबीजेला जायचं नाही. क्रोम आणि बाय, दोन्ही सांभाळता येणार नाही. ते उठून देवापुढे दिवा लावायला गेले. त्या संध्याकाळी त्यांनी तेलाची वाटी मात्र घेतली नाही.

सकाळी शेडमधून घासण्याचा आवाज आला. मी जाऊन पाहिलं तर बाबा लाकडी स्टुलावर बसून, बादलीत वॉटर पेपर बुडवून बॉनेटची पट्टी घासत होते. हळूबिळू काही नाही, चांगला दाब देऊन. पाण्याबरोबर करडा मळ ओघळत होता. मी शेजारी उभी राहिले तशी मान वर न करता म्हणाले, "तोंड दिसेनासं होईपर्यंत घासायचं ना?" मी हो म्हटलं. "मला माझं अजून थोडं दिसतं," ते म्हणाले आणि परत घासायला लागले. त्या क्षणी मला ते फार आवडले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, आणि सासरा आवडतो असं मनात पहिल्यांदाच इतकं स्पष्ट आलं असेल. म्हणून मी दुसरा स्टूल आणून काचेची चौकट घासायला घेतली.

या वेळी काही कसूर ठेवली नाही. आधी गरम पाणी आणि भांड्यांचा साबण. काचेच्या रबराच्या फटीत साठलेलं तेल जुन्या टूथब्रशने काढलं. ते इतकं निघालं की एक दिवाळीचा दिवा पेटला असता. क्रोम पार राखेच्या रंगाचं झाल्यावर स्वच्छ फडक्याने थिनर फिरवलं आणि त्यानंतर उघड्या हाताने पट्टीला शिवायचं नाही असा दंडक घातला, कारण बोटांनाही तेल असतं. आजूबाजूला वर्तमानपत्रं आणि मास्किंग टेप. रंग सकाळी मारायचा, कारण तेव्हा आमच्याकडे वारा जमिनीकडून असतो. दुपारनंतर समुद्राचा सुटला की खार आणि ओल दोन्ही घेऊन येतो. साध्या प्रायमरऐवजी धातूला चावून धरणारा आणला. तो देताना दुकानदार "निकळी जशे" म्हणाला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. प्रायमरचा पातळ हात, तो सुकल्यावर रंगाचे पातळ पातळ हात, एकदम जाड थर कधीच नाही. रंग बिनचमकेचा काळा, आणि त्यावर पारदर्शक लॅकरही बिनचमकेचंच. जिची चमक मारायला एवढा खटाटोप केला तिला परत चमकवायचं कशाला?

मग सगळ्यात अवघड काम उरलं, ते म्हणजे बाबांना त्यापासून लांब ठेवणं. रंग वरून तासाभरात सुकतो, पण आतून घट्ट व्हायला आठवडे लागतात. मी शेडला जुन्या चादरी बांधल्या. संध्याकाळी दिवा लावून झाला की बाबा वाटी घेऊन निघायचे आणि मी स्वयंपाकघरातूनच ओरडायचे, "बंपर फक्त." बिचारे पुढचा बंपर पुसायचे, मग मागचा, मग परत पुढचा.

नरकचतुर्दशीला, फराळाची गडबड सोडून, मी परीक्षा घेतली. चिकटपट्टीचा तुकडा रंगावर दाबून बसवला, नखाने घासला आणि एका झटक्यात ओढला. बाबा डोळे मिटून उभे होते. पट्टी स्वच्छ निघाली, काळ्याचा कणही नाही. तो रंग पुढचे दोन पावसाळे मी त्या गाडीवर पाहिला आहे, कुठे पोपडा नाही. दुकानदाराने नंतर क्रोमला रंग मागणाऱ्या एकाला माझ्याकडे पाठवलं. मी त्याला साबण आणि टूथब्रशपासून सुरुवात करायला सांगितलं, तर तो पुन्हा आलाच नाही.

भाऊबीजेच्या सकाळी मी पार्लर बंद ठेवलं आणि बाबांच्या शेजारी बसले. मागे चिकू, करंज्या आणि आत्यासाठी साडी. कंपनीला दिवाळीची सुट्टी होती, म्हणून नवरा मोटारसायकलवरून मागून येत होता. चिकूच्या वाड्यांच्या सावलीचा रस्ता संपला आणि समोरून ऊन आलं, तेव्हा मी सीटची कड घट्ट धरली. बॉनेटवर नुसती एक काळी रेघ होती. ती शांत पडून होती. मी रस्त्याकडे कमी आणि बाबांच्या उजव्या डोळ्याकडे जास्त बघत होते.

"माझ्याकडे काय बघतेस? रस्ता बघ," ते म्हणाले. झरीच्या पुढच्या वळणावर त्यांनी वेग कमी केला, हॉर्न वाजवला आणि वळण घेतलं. रस्ता मोकळा होता. पुढे एका पाड्यापाशी शेळ्या आडव्या आल्या, त्या त्यांना माझ्या आधी दिसल्या. मग ते शेळ्यांना, शेळ्यांच्या मालकाला आणि रस्ता बांधणाऱ्यांना मनसोक्त बोलले. बऱ्याच दिवसांनी त्यांना असं बोलताना ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी डबा उघडून एक करंजी खाल्ली.

आत्या ओट्यावर बसली होती. एरवी गाडीचा आवाज आला की काठी टेकत गेटापर्यंत यायची, आज उठली नाही. माझ्याशी बोलली, माझ्या नवऱ्याशी बोलली, बाबांकडे बघितलंच नाही. तिच्या सुनेने पाट मांडला, रांगोळी काढली. बाबा टोपी नीट करून पाटावर बसले. आत्याने तबक उचललं. निरांजनाची ज्योत बाबांच्या तोंडासमोर आली, आणि त्यांनी चटकन मान फिरवली.

आत्याचा हात थांबला. भावाचा रुसवा काढायला म्हणून ओवाळायला उभी राहिलेली ती, आणि भावाने तोंड फिरवलं. तिचा चेहरा इतका पडला की मी पुढे होऊन सगळं सांगून टाकणार होते. पण बाबांनी मान परत सरळ केली आणि उजवा डोळा उघडा ठेवायला लागले. तो मिटत होता, ते उघडत होते, पाणी गालावर आलं होतं. आत्या वाकली आणि तिने तो डोळा जवळून पाहिला.

"कधी केलंस?"

"श्रावणात."

तबक तिने खाली घेतलं, बाबांच्या छातीपाशी, ज्योत डोळ्यात जाणार नाही इतकं खाली. तिथेच फिरवून ओवाळलं. कुंकू लावताना विचारलं, "आज गाडी कोणी आणली?"

"मीच."

"म्हणजे रुसला नव्हतास."

"रुसायला मी काय पोर आहे?" बाबा म्हणाले.

आत्याने तबक सुनेच्या हातात दिलं आणि पदराचं टोक घेतलं. आधी बाबांचा डोळा पुसला, मग स्वतःचे.